जुना कॅमेरा : छंद, हुनर आणि अमानत

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात विद्यार्थी व पालकांपुढे केलेले भाषण)



बक्षीस समारंभाला आलेल्या पाहुण्याने मुलांना "खूप अभ्यास करा, मोठे व्हा" असे सांगावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. ते काम आपले शिक्षक वर्षभर करीतच असतात. म्हणून कार्यवाहांची परवानगी घेऊन मी आज एका छंदाविषयी बोलणार आहे. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविले आणि त्याच काळात जुन्या बाजारांतून व ओळखीच्या घरांतून मिळालेले, रोल घालावयाचे जुने कॅमेरे जमविले. आज माझ्याजवळ असे एकतीस कॅमेरे आहेत. त्यांतील चोवीस चालतात आणि मी ते आळीपाळीने वापरतो. न वापरता कपाटात ठेवलेला कॅमेरा म्हणजे न उघडलेले पुस्तक, असे मी मानतो.

आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, ज्याच्या-त्याच्या खिशात फोन असताना या जुन्या डब्यांचे काय करावयाचे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा मी प्रयत्न करतो.

कमरा आणि कॅमेरा

'कॅमेरा' हा शब्द लॅटिन भाषेतला. त्याचा अर्थ खोली. आपण घरात 'कमरा' म्हणतो तो शब्दही पोर्तुगीजांच्या मार्गाने त्याच मुळापासून आपल्याकडे आला. म्हणजे कमरा आणि कॅमेरा हे सख्खे भाऊ आहेत.

ही खोली अंधारी का असावी लागते, याचा शास्त्रशुद्ध विचार करणाऱ्यांमध्ये इब्न अल्-हैसम यांचे नाव फार वरचे आहे. त्यांचा जन्म सुमारे ९६५ साली बसरा येथे झाला आणि आयुष्याचा पुढचा काळ कैरोत गेला. अकराव्या शतकाच्या आरंभी त्यांनी 'किताब अल्-मनाझिर' हा प्रकाशविषयक ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात व त्यामुळे आपल्याला दिसते, असे पूर्वीचे अनेक विद्वान मानीत. इब्न अल्-हैसम यांनी सांगितले की, वस्तूकडून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून वस्तू दिसते. त्यांचा एक प्रयोग तुम्ही घरीही करू शकाल. एका छिद्रासमोर थोड्या थोड्या अंतरावर काही दिवे ठेवावयाचे आणि छिद्रापलीकडे अंधाऱ्या खोलीतील भिंतीकडे पाहावयाचे. जितके दिवे तितके प्रकाशाचे ठिपके भिंतीवर पडतात. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका नाहीसा होतो. म्हणजे एकाच छिद्रातून जाताना निरनिराळ्या दिव्यांचे किरण एकमेकांत मिसळत नाहीत, प्रत्येक किरण सरळ आपल्या वाटेने जातो. कॅमेरा चालतो तो याच नियमावर. या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर १५७२ साली बाझेल येथे छापले गेले आणि युरोपातील शास्त्रज्ञांनी ते अभ्यासिले.

पुढे या छिद्रात भिंग बसले आणि १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. म्हणजे ही कला आपल्याकडे फार उशिरा आली असेही नाही.

माळ्यावरच्या ट्रंका

आता आपल्या घरांकडे वळू. कोकणपट्टीतील आपल्या कुटुंबांतले पुरुष पिढ्यान् पिढ्या जहाजांवर, आफ्रिकेत आणि नंतर आखाती देशांत नोकरीसाठी गेले. १९९१ पूर्वी परदेशी माल देशात आणण्यावर कडक निर्बंध होते, तेव्हा चांगला कॅमेरा येई तो बहुधा अशाच एखाद्या चाचांच्या ट्रंकेतून. देशात मिळणारा साधा कॅमेरा म्हणजे आगफा क्लिक-थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीने तो बनविला. एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. सोव्हिएत देशाशी व्यापार असल्याने झेनिटसारखे रशियन कॅमेरेही येथे आले. त्यांतील झेनिट-ई या कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला बॅटरीसुद्धा लागत नाही.

फोटोची फिल्म देशात बनावी म्हणून १९६० साली हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि उटीजवळच्या तिच्या कारखान्यात १९६७ साली उत्पादन सुरू झाले. 'इंदू' हे तिचे नाव जुन्या फोटोवाल्यांना आजही आठवते. नंतर डिजिटल कॅमेरे आले, मागाहून फोन आले, आणि हा कारखाना बंद पडला. कोडॅकने आपली प्रसिद्ध कोडाक्रोम फिल्म २००९ साली थांबविली आणि २०१२ साली त्या कंपनीवर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. त्या वर्षांत घरोघरचे कॅमेरे भंगारवाल्याच्या तराजूत गेले.

परंतु गोष्ट तेथेच संपली नाही. जगभर तरुण मुलांनी जुने कॅमेरे पुन्हा हातात घेतले. कोडॅकने बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म २०१८ साली पुन्हा बाजारात आणली. २०२४ साली पेंटॅक्स कंपनीने रोल घालावयाचा नवा कॅमेरा काढला. आपल्याच मुंबईतील दिलीश पारेख यांनी १९७७ पासून जमविलेल्या ४,४२५ कॅमेऱ्यांची नोंद गिनीजच्या विक्रमग्रंथात झाली. दिल्लीजवळ गुरुग्राम येथे छायाचित्रकार आदित्य आर्य यांच्या संग्रहातून 'म्युझिओ कॅमेरा' हे संग्रहालय २०१९ साली उभे राहिले. दिल्लीला सहल गेली तर विद्यार्थ्यांना ते अवश्य दाखवावे.

घेण्यापूर्वी पारखावे कसे?

मुंबईचा चोर बाजार असो, पुण्याचा जुना बाजार असो की बंद होत आलेला एखादा गावचा स्टुडिओ असो, जुना कॅमेरा हातात आला की पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट : पाठीमागचे झाकण एकदम उघडू नये. आत जुना रोल असू शकतो. पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात रोल परत गुंडाळण्याची चावी हलकेच बाणाच्या दिशेने फिरवावी. ती अडली तर आत रोल आहे असे समजावे.

दुसरी : आत रोल नसल्याची खात्री झाली की झाकण उघडून, भिंग उजेडाकडे धरून चाप दाबावा. पडदा उघडतो-मिटतो हे डोळ्यांनी दिसले पाहिजे. नंतर वेग एक सेकंदावर ठेवून कान द्यावा. जुने तेल घट्ट झाले असेल तर पडदा मध्येच रेंगाळतो किंवा अडकून बसतो. फेद किंवा झोर्की हा सोव्हिएत कॅमेरा असेल तर आधी चावी भरावी आणि मगच वेगाची चकती फिरवावी. उलट केले तर आतील यंत्रणा बिघडू शकते.

तिसरी : भिंगातून टॉर्चचा उजेड पाडून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी होय. आपल्या दमट हवेतील कॅमेऱ्यांचा हा सर्वांत मोठा शत्रू आहे. थोडी बुरशी असेल तर कारागीर साफ करतो, पण काचेवरचा थर तिने खाल्ला असेल तर तो परत येत नाही.

चौथी : बॅटरीचा कप्पा उघडावा. पांढरी-हिरवी पूड साठली असेल तर कापसाच्या काडीने थोडा व्हिनेगर लावून ती निघते. तार कुजली असेल तर मात्र काम वाढते. अनेक जुन्या कॅमेऱ्यांना पाऱ्याची बॅटरी लागे, ती आता मिळत नाही. दुसरी बॅटरी घातल्यास प्रकाशमापक थोडे चुकीचे आकडे दाखवितो, हे ध्यानात ठेवावे.

पाचवी : भात्याचा घडीचा कॅमेरा असेल तर अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च धरावा. घड्यांच्या कोपऱ्यांत ताऱ्यासारखे ठिपके चमकले तर तेथून उजेड शिरतो.

सहावी आणि महत्त्वाची : त्यात जाणारा रोल आज मिळतो का? पस्तीस मिलिमीटरचा आणि १२० नंबरचा रोल मिळतो. ६२० नंबरचा रोल कोडॅकने १९९५ साली बंद केला. फिल्म १२० चीच, फक्त रीळ बारीक असते. म्हणून काळोखात १२० ची फिल्म जुन्या ६२० च्या रिळावर गुंडाळून काम भागविता येते. मात्र नवशिक्याने या भानगडीत पडू नये.

सातवी : नावाला भुलू नये. सोव्हिएत फेद व झोर्की कॅमेऱ्यांवर लायकाचे नाव कोरून, सोनेरी मुलामा देऊन ते लायका म्हणून विकण्याचा धंदा अनेक वर्षे चालला आहे. बाजारात कोणी मातीमोलाने लायका देऊ लागला तर हात जोडून पुढे जावे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने बॅटरी नसतानाही चाप चालेल असा साधा, पन्नास मिलिमीटर भिंगाचा कॅमेरा घ्यावा. पेंटॅक्स के-१००० हे त्याचे उत्तम उदाहरण. १९७६ पासून १९९७ पर्यंत तो बनत होता आणि तीस लाखांहून अधिक निघाले. त्यातील बॅटरी फक्त प्रकाशमापकासाठी असते. आणि बाजारात जाण्यापूर्वी स्वतःच्या घराचा माळा एकदा शोधून पाहावा, हे सांगायला नकोच.

सौदा आणि इमान

या छंदात एक मोह आहे, त्याविषयी स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते. विकणाऱ्याला वस्तूची किंमत ठाऊक नसते आणि घेणाऱ्याला असते. अशा वेळी "स्वस्तात मारले" म्हणून फुशारकी सांगणारे संग्राहक मी पुष्कळ पाहिले आहेत. ही फुशारकी मला कधी पटली नाही.

सुमारे दहा वर्षांपूर्वी एक भगिनी माझ्याकडे आल्या. त्यांचे पती जहाजावर नोकरीला होते व त्याच्या आदल्या वर्षी वारले होते. मुलीच्या शाळेच्या खर्चासाठी त्यांना पतीचा दोन भिंगांचा याशिका-मॅट कॅमेरा विकावयाचा होता. एका दुकानदाराने त्यांना अडीचशे रुपये देऊ केले होते. मी कॅमेरा पाहिला. तो उत्तम चालत होता आणि त्याची खरी किंमत त्याच्या कितीतरी पटीने जास्त होती. तसे मी त्यांना सांगितले. फोटोंच्या आकड्याची खिडकी पाहिली तर तेथे सात हा आकडा होता. म्हणजे आत अर्धवट वापरलेला रोल होता. दुकानात झाकण उघडले असते तर जे काही आत होते ते क्षणात नाहीसे झाले असते.

मी तो रोल न उघडता शेवटपर्यंत गुंडाळला आणि घरी धुतला. काही फोटो काळे पडले होते. चार मात्र अंधुक का होईना, उमटले. दोन जहाजाच्या डेकचे होते. एकात त्यांचे पती एका सोबत्याबरोबर उभे होते. चौथ्यात घराच्या उंबऱ्यावर उभी असलेली त्यांची लहान मुलगी होती. त्या भगिनींनी कॅमेरा विकला नाही. मुलीच्या खर्चाची सोय नातेवाइकांनी मिळून केली आणि कॅमेरा मुलीच्या हाती आला. तेव्हा ती नववीत होती.

पालकहो, घरातील जुना कॅमेरा ही नुसती वस्तू नसते, ती अमानत असते. आणि दुसऱ्याच्या घरातून ती आपल्याकडे येत असेल तर पूर्ण खरे सांगून, वाजवी दाम देऊनच यावी. आत कोणाचे फोटो निघाले तर ते त्या घराचे आहेत, आपले नव्हेत. ज्याला हे जमत नाही त्याने पोस्टाची तिकिटे जमवावीत.

गणित व रसायनशास्त्र यांची भेट

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्या अभ्यासाचा भाग. भिंगाच्या कड्यावर १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे असतात. हे आकडे कोठून आले? प्रत्येक आकड्याला दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ ने गुणा. पुढचा आकडा येतो. आकडा म्हणजे भिंगाचे केंद्रांतर भागिले छिद्राचा व्यास. पन्नास मिलिमीटरचे भिंग २ वर असेल तर छिद्र पंचवीस मिलिमीटरचे. आकडा एक पायरी वाढला की छिद्राचे क्षेत्रफळ निम्मे होते आणि उजेडही निम्मा होतो. वर्तुळाचे क्षेत्रफळ कशासाठी शिकावयाचे असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात मी कॅमेरा देत असे.

पडद्याचा वेगही असाच दुपटीने बदलतो : एक सेकंदाचा साठावा भाग, एकशेपंचविसावा, अडीचशेवा, पाचशेवा. छिद्र एक पायरी लहान केले तर वेग एक पायरी कमी करावयाचा, म्हणजे फिल्मवर उजेड तेवढाच पडतो. प्रकाशमापक बंद असला तरी काम अडत नाही. जुना नियम असा : लख्ख उन्हात छिद्र १६ वर ठेवावे आणि वेग फिल्मच्या आकड्याइतका घ्यावा. १०० ची फिल्म असेल तर एकशेपंचविसावा भाग, ४०० ची असेल तर पाचशेवा. ऊन विरळ होऊन सावली मऊ पडू लागली की ११, आभाळ भरून आले की ८, आणि काळे ढग दाटले की ५.६. आठवडाभर आकाशाकडे पाहून अंदाज वहीत लिहिण्याचा सराव करा. त्याला रोल लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

काळा-पांढरा रोल घरी धुता येतो. फिल्मवर जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षारांचे कण असतात. उजेड लागलेल्या कणांवर डोळ्यांना न दिसणारा परिणाम होतो. डेव्हलपर त्या कणांचे काळ्या चांदीत रूपांतर करतो. हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, उजेड न लागलेले क्षार विरघळवून काढते. मग स्वच्छ पाण्याने धुऊन, धूळ नसलेल्या जागी रोल टांगून वाळवावयाचा. इलफर्डचा एचपी-५ प्लस हा ४०० चा रोल डी-७६ च्या मूळ द्रावणात २० अंश सेल्सिअसला साडेसात मिनिटे ठेवावा लागतो. आपल्याकडे नळाचे पाणी बहुधा त्याहून गरम असते, म्हणून द्रावणाचे भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान उतरवावे व थर्मामीटर पाहूनच सुरुवात करावी. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. ते विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नये, डब्यात साठवून लॅबवाल्याकडे द्यावे. रसायने लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत आणि स्वयंपाकघरातील भांडी यासाठी कधीही वापरू नयेत. रंगीत रोलला ३८ अंशाच्या आसपास नेमके तापमान लागते, तो लॅबमध्येच धुण्यास द्यावा.

पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवू नये, चामडे ओल धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात कॅमेरा ठेवावा. जेलचा रंग पालटला की ते गरम करून पुन्हा वापरता येते. महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून सर्व वेगांवर चाप दाबून पाहावा. माणसाप्रमाणे यंत्रालाही बसून राहण्याने गंज चढतो.

परदेशी ये-जा करणाऱ्या बांधवांसाठी एक सूचना. रोल मोठ्या सामानात कधीही देऊ नये. अनेक विमानतळांवर आलेली सीटी पद्धतीची नवी तपासणी-यंत्रे फिल्म खराब करतात. रोल हातातील पिशवीत पारदर्शक डबीत ठेवून, हाताने तपासावा अशी अधिकाऱ्यांना विनंती करावी.

पालकांच्या शंका

पहिली शंका खर्चाची. ती खोटी नाही. रंगीत रोल आणि तो धुण्याचा खर्च मिळून आज हजार रुपयांच्या घरात सहज जातो. म्हणजे छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये एकदा चाप दाबला की पंचवीस-तीस रुपये गेले. म्हणून माझे सांगणे असे की, शाळेच्या फीमधून किंवा घरखर्चातून या छंदाला एक पैसाही देऊ नये. तीन-चार विद्यार्थ्यांनी मिळून एक कॅमेरा आणि दोन महिन्यांतून एक रोल, एवढे पुरे आहे. उलट या महागाईतूनच शिस्त येते. फोनवर मुलगा एका झाडाचे चाळीस फोटो काढतो आणि एकही पाहत नाही. रोलवर तो झाडाभोवती दोन फेऱ्या मारतो, ऊन कोणीकडून येते ते पाहतो, मग एक फोटो काढतो आणि वहीत नोंद करतो.

दुसरी शंका : यातून पोट भरेल का? मी खोटी आशा दाखविणार नाही. या छंदावर घर चालेल असे समजून कोणी शिक्षण सोडू नये. परंतु जुने कॅमेरे दुरुस्त करणारे कारागीर आता फार थोडे राहिले आहेत आणि त्यांतील बरेच वृद्ध आहेत. त्यांच्या हाताखाली बसून बारीक स्क्रू फिरविण्यास शिकलेला मुलगा घड्याळे, सूक्ष्मदर्शक, वैद्यकीय उपकरणे यांच्याकडेही वळू शकतो. हाताला आलेला हुनर वाया जात नाही.

तिसरी शंका मुलींविषयी. होमाई व्यारावाला यांचे उदाहरण मी देतो. त्यांचा जन्म १९१३ साली नवसारी येथे झाला व मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात त्या शिकल्या. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर तिरंगा फडकला त्याचे त्यांनी टिपलेले चित्र आजही पाहावयास मिळते. ज्या काळी हे काम पुरुषांचेच समजले जाई त्या काळी साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून त्या उभ्या राहिल्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ साली त्या निवर्तल्या.

चौथी गोष्ट नाजूक आहे. माणसांचे फोटो काढावेत की नाही, याविषयी आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. त्या मतांचा मान राखावा. कोणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढू नये, हा तर सर्वांनाच लागू होणारा शिष्टाचार आहे. मघाशी सांगितलेल्या त्या मुलीने आपल्या दादीला फोटोविषयी विचारले. दादीने नकार दिला. "चेहरा नको, हात घे," असे त्या म्हणाल्या. मुलीने तांदळाची भाकरी थापणाऱ्या त्या हातांचा फोटो काढला. पिठाने पांढरी झालेली बोटे, हातातल्या दोन बांगड्या आणि मागे चुलीचा धूर, एवढेच त्यात आहे. दादी आज हयात नाहीत. त्यांच्या चार मुलांनी आपापल्या घरी त्या फोटोची प्रत मागून नेली. ज्यांना माणसांचे फोटो नकोत त्यांच्यासाठी होड्या आहेत, भाताची खाचरे आहेत, जुन्या घरांचे कोरीव दरवाजे आहेत, आणि यातील पुष्कळ गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत नाहीशा होत आहेत.

माझी विनंती

संस्थेच्या चालकांना आणि पालकांना माझ्या तीन विनंत्या आहेत.

एक : शाळेत 'कॅमेऱ्याचे कपाट' सुरू करावे. ज्यांच्या घरी न वापरलेला कॅमेरा पडून आहे त्यांनी तो संस्थेकडे ठेवीसारखा द्यावा. नोंदवहीत देणाऱ्याचे नाव, कॅमेऱ्याची स्थिती आणि परत मागण्याचा हक्क लिहून ठेवावा. नववीपासूनच्या विद्यार्थ्यांना तो शिक्षकांच्या सहीने आठ दिवस वापरावयास मिळावा. आरंभ म्हणून माझ्याजवळचे पाच चालू कॅमेरे मी आज मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे.

दोन : येत्या सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव आणि माहीत असल्यास साल लिहावे. शाईचे पेन वापरू नये, शाई पुढच्या बाजूस उतरते. ही नावे सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत. उद्या फोटो राहील आणि त्यातील माणूस कोण, हे सांगणारे कोणी राहणार नाही.

तीन : गावातील स्टुडिओ बंद होत असेल तर तेथील निगेटिव्ह भंगारात जाऊ देऊ नयेत. लग्ने, शाळेचे वर्ग, परदेशी निघालेल्या मुलांचे पासपोर्टचे फोटो, हे सर्व त्या खोक्यांत आहे. मालकाशी बोलून, त्यांच्या संमतीने ती खोकी कोरड्या जागी ठेवावीत. ज्या समाजाजवळ स्वतःची चित्रे नसतात त्याची चित्रे दुसरेच रंगवितात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या फोनला मी नावे ठेवीत नाही. मीही तो वापरतो. परंतु वर्षातून एक रोल तरी असा काढा की ज्यातील प्रत्येक फोटोसाठी तुम्ही थांबला आहात, पाहिले आहे आणि विचार केला आहे. थांबून पाहण्याची ही सवय प्रयोगशाळेत, दवाखान्यात, न्यायालयात, जेथे तुम्ही जाल तेथे उपयोगी पडेल.

 बक्षीस मिळविलेल्या विद्यार्थ्यांचे अभिनंदन करतो, आणि ज्यांना या वर्षी मिळाले नाही त्यांना पुढील वर्षासाठी शुभेच्छा देऊन आपली रजा घेतो.